'सीपी रीड' म्हणजे काय ते आमच्या पोरांना कुणीतरी शिकवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत बँकांच्या कॉम्प्युटरबद्दल तुमच्याकडे लेख आला होता, त्यात एका ओळीत मेनफ्रेमला, म्हणजे बँकांचे हिशोब सांभाळणाऱ्या मोठ्या कॉम्प्युटरला, 'मोडीत निघालेलं जुनाट यंत्र' म्हटलंय, आणि ती ओळ वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये म्हणून हे पत्र लिहायला बसले. मी चौदा वर्षं पुण्यात बसून त्याच मेनफ्रेमवर चालणारं लिनक्स सांभाळते. हो, लिनक्सच, ती फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम. जे तुमच्या वाचकांची मुलं कॉलेजात लॅपटॉपवर टाकून शिकतात तेच. लेख लिहिणाऱ्यावर माझा राग नाही, कारण हे कुणी सांगितलेलंच नाही, इंजिनिअरिंगच्या पोरांना नाही, त्यांच्या सरांना नाही, आणि खरं सांगायचं तर ज्या पोरांना आम्ही हे मशीन सांभाळायला रात्रपाळीला बसवतो त्यांनाही धड कुणी सांगत नाही. माझं मुख्य म्हणणं तेच आहे, पण आधी मशीनबद्दल थोडं.

आयबीएमने सिस्टिम ३६० जाहीर केलं ७ एप्रिल १९६४ ला. तेव्हाच्या पद्धतीने लिहिलेले प्रोग्रॅम पुढच्या मशीनवरही चालले पाहिजेत हे त्यांनी तेव्हापासून सांभाळत आणलंय, त्यामुळे लोकांना वाटतं मशीनच साठ वर्षांचं आहे. तसं नाहीये. २०२२ साली आलेल्या आयबीएमच्या झेड १६ ह्या मेनफ्रेममध्ये २०० पर्यंत प्रोसेसर कोर आणि ४० टेराबाइटपर्यंत मेमरी बसते, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याच्यापुढचं झेड १७ जाहीर झालं. वाडा जुना पण वायरिंग, पाइपलाइन, स्वयंपाकघर सगळं नवीन, असं समजा.

लिनक्स त्यात आलं १९९९ च्या डिसेंबरमध्ये. जर्मनीतल्या बोब्लिंगेन इथल्या आयबीएमच्या लॅबमधल्या इंजिनिअरांनी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेनफ्रेमवर चालेल असे बदल करून ते सगळ्यांसाठी खुले केले, न्यूयॉर्क राज्यातल्या मॅरिस्ट कॉलेजने ते लोकांना उतरवून घेता येतील अशी सोय केली. पुढच्याच वर्षी आयबीएमने आयएफएल आणला, म्हणजे फक्त लिनक्ससाठी राखून ठेवलेला प्रोसेसर. ह्याची गंमत अशी की झेड ओएसच्या, म्हणजे मेनफ्रेमच्या मूळ ऑपरेटिंग सिस्टिमच्या, सॉफ्टवेअरचं बिल मशीनच्या साध्या प्रोसेसरच्या ताकदीवर ठरतं आणि आयएफएल त्या हिशोबात धरतच नाहीत, त्यामुळे कितीही आयएफएल लावा, तिकडचं बिल वाढत नाही. मग लिनक्सच्या वेगवेगळ्या आवृत्त्या आल्या, सुसे आलं, रेड हॅट आलं, २०१६ ला उबुंटू आलं, डेबियनची तर स्वतंत्र आवृत्तीच आहे, आणि २०१५ ला आयबीएमने लिनक्सवन नावाने अशी मशीनं काढली ज्यांच्यावर झेड ओएस नाहीच, नुसतं लिनक्स. ही सगळी बँकेच्या, विम्याच्या, सरकारी कामाच्या पोटातली मशीनं आहेत, दिसत नाहीत म्हणून मोडीत निघाली असं होत नाही ना.

आणि एकेका मशीनवर किती लिनक्स बसतात ते ऐकाल तर. २००० साली एका चाचणीत एका मेनफ्रेमवर व्हीएमखाली, म्हणजे एका मशीनची अनेक मशीनं भासवणाऱ्या प्रोग्रॅमखाली, ४१,४०० लिनक्स एकाच वेळी उभे करून दाखवले होते. ती चाचणी होती, रोजच्या कामात कुणी इतके चालवत नाही, पण शेकड्यांनी चालवतात. आजची पोरं क्लाउड, व्हर्च्युअल मशीन हे शब्द काल-परवा जन्मल्यासारखे वापरतात, पण व्हीएम ३७० आयबीएमने १९७२ लाच विकायला काढलं होतं आणि आजचं झेड व्हीएम त्याच घराण्यातलं आहे.

आता मुद्द्यावर येते.

ज्या पोराला लिनक्स येतं त्याला मेनफ्रेमवरचं लिनक्स नव्वद टक्के येतंच. एसएसएच करून, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन होऊन, आत गेलात की तीच बॅश, तेच लॉग, तेच सिस्टिमडी, तेच पॅकेज. दोन-दोन महिने काम करूनही काही जणांना जाणवत नाही की आपण मेनफ्रेमवर आहोत. पण उरलेले दहा टक्के जे आहेत ना, ते सगळे बिघाडाच्या रात्रीच समोर येतात, एसएसएच लागत नसताना, क्लायंट फोनवर असताना. आणि नेमके तेच दहा टक्के कुठेही शिकवत नाहीत.

एक रात्र सांगते. साधारण अडीच वाजले असतील, युरोपातल्या एका क्लायंटचं काम होतं. रात्रपाळीला आमच्याकडे नवीन लागलेला एक मुलगा, सांगलीकडचा, हुशार, लिनक्सच्या दोन-तीन परीक्षा पास झालेला. एका सर्व्हरवरची एक जावाची सर्व्हिस अडकली असा अलर्ट आला. सर्व्हर जिवंत होता, त्याच्यावरची बाकीची कामं चालू होती, फक्त लॉगिनला वेळ लागत होता. तर ह्याने काय केलं, लॉगिन होईना म्हणून त्या गेस्टचा, म्हणजे झेड व्हीएमखाली चालणाऱ्या त्या लिनक्सचा, ३२७० चा कन्सोल (मेनफ्रेमची टर्मिनलची स्क्रीन) उघडला आणि झेड व्हीएमवर त्या गेस्टच्या नावाने लॉगऑन केलं. साध्या सर्व्हरवर कुणीही हेच करेल, स्क्रीन जोडून बघेल, त्यात त्याचं काहीच चुकलं नाही. पण त्याने लॉगऑन केलं त्या क्षणाला तो अख्खा सर्व्हर थांबला. एक सर्व्हिस अडकली होती त्याच्या जागी आता सगळंच बंद, पिंगलाही, म्हणजे जिवंत आहेस का ह्या नेटवर्कवरच्या हाकेलाही, उत्तर नाही. त्याने वीस मिनिटं नेटवर्कवाल्यांशी डोकं लावलं आणि मग मला फोन केला.

"मॅडम, सर्व्हर गेला. मी काहीच नाही केलं, नुसता कन्सोल उघडला."

मी झोपेतच विचारलं, "स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली काय लिहिलंय?"

"कुठं मॅडम?"

"अगदी खाली. शेवटच्या ओळीत. उजवीकडे."

"सीपी रीड लिहिलंय."

"मग फक्त बी टाइप कर, एंटर मार. दुसरं काही करू नको."

त्याने बी मारला. कोपऱ्यात रनिंग आलं. दहा सेकंदात पिंग सुरू झालं, आणि फोनवर त्याचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. मग तो म्हणाला, "आता लॉगऑफ करतो मॅडम," आणि मी जवळजवळ ओरडलेच, "लॉगऑफ नको! डिस्क, डी आय एस सी, डिस्क टाइप कर!" कारण तिथे लॉगऑफ म्हणजे आपण बाहेर पडणं नाही, तिथे लॉगऑफ म्हणजे त्या सर्व्हरची वायर भिंतीतून उपटणं. कन्सोलवरून नुसतं निघायचं असेल तर डिस्कनेक्ट करायचं असतं.

झालं काय होतं ते लिहिते म्हणजे कुणाच्या तरी उपयोगी पडेल. झेड व्हीएमच्या लेखी प्रत्येक लिनक्स म्हणजे एक युजर आणि त्याचं एक टर्मिनल. टर्मिनल सुटलेलं असताना मागे चालू असलेल्या युजरवर तुम्ही परत लॉगऑन केलं की झेड व्हीएम तो युजर तुमच्या हाती देतं आणि तुमच्या हुकमाची वाट बघत त्याचं काम थांबवून ठेवतं, त्यालाच सीपी रीड म्हणतात. बिगिन म्हटलं, म्हणजे नुसतं बी, की परत चालू. हे होऊच नये म्हणून सेट रन ऑन नावाची एक ओळ त्या गेस्टच्या प्रोफाइलमध्ये टाकून ठेवायची असते, मग लॉगऑन केलं तरी लिनक्स पळत राहतं. एका ओळीचं काम आहे हो. त्या गेस्टला ती ओळ नव्हती, कुणीतरी घाईत गेस्ट बनवताना राहून गेली होती, आणि त्या पोराला ती असते हेच माहीत नव्हतं, त्याची मान त्या रात्री खाली गेली ते मला आजही बरं वाटत नाही. त्याच कोपऱ्यात कधी मोअर लिहिलेलं येतं, कधी होल्डिंग येतं, होल्डिंग आलं आणि तसंच सोडलं तर पुढे लिनक्सचे मेसेज त्या स्क्रीनपाशी अडकून गेस्ट रखडू शकतो. म्हणजे स्क्रीनच्या कोपऱ्यातला एक शब्द वाचता आला तर अर्धी रात्र वाचते.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या हातून झालेली. खूप वर्षं झाली, मी तेव्हा तिशीची पण नव्हते. एका सर्व्हरची रूटची डिस्क, म्हणजे जिच्यावरून सिस्टिम चालते ती, भरत आली होती. मी झेड व्हीएमकडून एक नवीन डिस्क जोडून घेतली, सीएच-सीसीडब्ल्यू-डेव्ह कमांडने ऑनलाइन केली, फॉरमॅट केली, एलव्हीएममध्ये, म्हणजे अनेक डिस्क जोडून एक करणाऱ्या सोयीत, घातली, फाइलसिस्टिम वाढवली. सगळं सुरळीत, जागा मोकळी, टिकिट बंद, शाबासकी पण मिळाली. चार-साडेचार महिन्यांनी पॅचिंगसाठी तो सर्व्हर रीबूट केला आणि तो वर येईना. कन्सोलवर ड्राकटचा इमर्जन्सी शेल, म्हणजे बूट अडकल्यावर मिळणारी कमांड द्यायची जागा, रूटचा व्हॉल्यूम ग्रुप (जोडलेल्या डिस्कचा गट) अर्धाच दिसतोय, एक डिस्क गायब.

डिस्क कुठे गेली नव्हती. मेनफ्रेमवर पीसीसारखं नसतं की डिस्क जोडली की कर्नल आपोआप उचलेल. इथे डिस्कला एक पत्ता असतो, शून्य पॉइंट शून्य पॉइंट आणि पुढे चार आकडे, आणि ती कुणीतरी ऑनलाइन करावी लागते. बूट होताना रूटच्या डिस्क कुठल्या ते कर्नलला आधीच सांगून ठेवायला लागतं, आमच्याकडे रेड हॅट होतं तर त्यात झिपलच्या, म्हणजे बूटची तयारी करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, कॉन्फिग फाइलमधल्या पॅरामीटरच्या ओळीत प्रत्येक डिस्कचा पत्ता लिहायचा आणि मग झिपल ही कमांड चालवायची. मी पत्ता लिहिला नव्हता. ज्या दिवशी चूक केली त्या दिवशी काहीच कळलं नाही कारण चालू सर्व्हरवर डिस्क मी हाताने ऑनलाइन केलेली होतीच, रीबूट होईपर्यंत ती चूक तिथे गप्प बसून होती.

आणि झिपल विसरणं हा तर मेनफ्रेमवरच्या लिनक्सचा घरोघरचा रोग. पीसीवर बूटचं काम करणारा ग्रब फाइलसिस्टिम वाचू शकतो, कर्नलची फाइल नावाने शोधतो. झिपल तसं करत नाही, ते चालवलं त्या क्षणी कर्नल आणि इनिटआरडी (बूटला लागणारी छोटी फाइलसिस्टिम) डिस्कवर नक्की कुठल्या ब्लॉकवर आहेत ते पत्ते तो बूट रेकॉर्डमध्ये लिहून ठेवतो. मग तुम्ही कॉन्फिग बदला, इनिटआरडी नवीन बनवा, झिपल परत चालवलं नाही तर बूट होताना मशीन जुन्याच पत्त्यावर जाणार, घर बदललं आणि पोस्टात कळवलंच नाही तसं. आता पॅकेज अपडेट होताना बऱ्याचदा झिपल आपोआप चालतं, पण हाताने काही बदललंत तर झिपल तुम्हालाच चालवायचंय.

तर त्या दिवशी इमर्जन्सी शेलमध्ये काय काय झालं ते अजून आठवतं. तो कन्सोल ओळी-ओळींचा असतो, त्याच्यावर व्हीआय हा एडिटर चालत नाही, बाणाची बटणं चालत नाहीत, कंट्रोल सी द्यायचं तर आधी टोपीचं चिन्ह आणि मग सी असं टाइप करून एंटर मारायचं. मी पहिली पंधरा मिनिटं व्हीआय उघडायचा प्रयत्न करण्यात घालवली. डिस्क ऑनलाइन करायला गेले तर असा डिव्हाइसच नाही म्हणतोय. मला तर वाटलं डेटाच गेला. मग आमच्या टीममधले एक वयाने मोठे गृहस्थ होते, निवृत्त व्हायला आले होते, ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाळ, सीआयओ इग्नोर बघितलंस का?" नव्हतं बघितलं. मेनफ्रेमला हजारो डिव्हाइस दिसू शकतात म्हणून बूट लवकर व्हावं ह्यासाठी कर्नलला एक यादी देतात, ह्यांच्याकडे बघू नको म्हणून, आणि सहसा सगळ्यांकडेच बघू नको, फक्त एवढ्या दोन-चारांकडे बघ असं सांगितलेलं असतं. माझी डिस्क त्या दुर्लक्ष करायच्या यादीत होती. प्रॉकमधल्या सीआयओ इग्नोर फाइलीत फ्री आणि पुढे डिस्कचा पत्ता एको कमांडने लिहिला, डिस्क दिसली. मग ती ऑनलाइन केली, व्हॉल्यूम ग्रुप चालू केला, एक्झिट मारलं, सर्व्हर वर आला. एसएसएच लागल्यावर पहिलं काम कॉन्फिगमध्ये पत्ता लिहिला, झिपल चालवलं, आणि क्लायंटची परवानगी काढून लगेच परत एकदा रीबूट करून बघितला. तेव्हापासून डिस्क वाढवली की त्याच आठवड्यात रीबूटची वेळ मागून घ्यायची ही माझी सवय पडलीय, लोक कुरकुरतात, तरी मी सोडत नाही.

ते गृहस्थ निवृत्त झाले. त्यांना जे माहीत होतं त्यातलं निम्मं कुठे लिहिलेलं नव्हतं.

डिस्कचाच अजून एक घोळ नव्या पोरांचा होतो म्हणून सांगते. मेनफ्रेमच्या डॅस्डी डिस्कची मापं जीबीत नसतात, सिलिंडरमध्ये असतात. ३३९० मॉडेल ३ ही डिस्क म्हणजे ३,३३९ सिलिंडर. कागदावर ती २.८ जीबी, पण लिनक्ससाठी चार केबीच्या ब्लॉकमध्ये फॉरमॅट केली की एका ट्रॅकवर १२ ब्लॉक बसतात, एका सिलिंडरमध्ये १५ ट्रॅक, हिशोब केला तर अडीच जीबीच्याही किंचित आत येते. मग पोरं विचारतात उरलेलं गेलं कुठे. कुठे गेलं नाही, ब्लॉकच्या मधल्या जागेत गेलं. आणि एका डॅस्डीवर तीनच पार्टिशन होतात, चौथं मागितलं तर मिळत नाही, त्यावर एकाने आख्खा दिवस घालवलेला मी बघितलाय. नेटवर्क कार्डालाही एक नाही, तीन पत्ते लागतात, वाचायला एक, लिहायला एक आणि डेटाला एक, त्यातला एक चुकला की कार्ड वर येत नाही.

मेमरीवरून तर दर दोन महिन्यांनी भांडण होतं. ॲप्लिकेशनवाले येतात, म्हणतात सर्व्हर स्लो आहे, मेमरी दुप्पट करा. स्वतंत्र सर्व्हरवर हे ठीक आहे, मेमरी पडून राहिली तर राहिली. पण झेड व्हीएमखाली शंभर गेस्ट एकाच मेमरीत नांदतायत, आणि लिनक्सचा स्वभाव असा की मोकळी मेमरी दिसली की त्यात फाइलींचा कॅश, म्हणजे हाताशी ठेवायच्या प्रती, भरायचा. मोठं घर घेतलं की सामान तेवढंच वाढतं, रिकामी खोली रिकामी राहत नाही, तसं. मग झेड व्हीएमला वाटतं ह्या गेस्टला ही सगळी मेमरी खरंच लागतेय, ते दुसऱ्या कुणाच्या तरी मेमरीतली पानं डिस्कवर काढून ठेवतं, आणि स्लो होतो तो तिसराच. म्हणून इथे गेस्टला मेमरी जरा हात राखूनच द्यायची, थोडंसं स्वॅपला, म्हणजे मेमरी कमी पडली की वापरायच्या राखीव जागेला, हात लावेल इतकीच, आणि तो स्वॅप झेड व्हीएमच्या व्हीडिस्कवर ठेवायचा जो मुळात मेमरीतच असतो. हे ऐकलं की पीसीवरून आलेल्या माणसाला मी कंजूष वाटते. पण आकडे समोर ठेवले की पटतं. टॉप ह्या कमांडमध्ये एसटी नावाचा एक रकाना असतो, स्टील, तो बघायला सांगा पोरांना. तुमच्या लिनक्सला प्रोसेसर हवा होता आणि मिळाला नाही असा तो वेळ. तो वाढलेला असेल तर तुमच्या गेस्टमध्ये कितीही शोधा, दुखणं तिथे सापडणार नाही, ते बाहेर आहे, झेड व्हीएममध्ये नाहीतर एलपारमध्ये, म्हणजे मेनफ्रेमच्या ज्या हिश्शात ते चालतं तिथे.

सुरुवातीच्या काळात तर काम नसलेले गेस्टही त्रास द्यायचे. तेव्हाच्या कर्नलमध्ये टायमर सेकंदाला शंभर वेळा टिकटिकायचा, काम असो नसो. एका पीसीवर त्याचं काही वाटत नाही, पण शंभर गेस्ट नुसते बसून असले तरी सेकंदाला दहा हजार वेळा झेड व्हीएमला उठून बघायला लागायचं. ते पुढे मेनफ्रेमवाल्यांनीच सुधारलं, काम नसेल तर टिकटिक बंद. आज लॅपटॉपच्या लिनक्समध्येही रिकाम्या वेळी टिकटिक बंद ठेवतात.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोरांसाठी एकच सांगते. इंटेलवर आकड्याचा लहान बाइट आधी ठेवतात, मेनफ्रेमवर मोठा आधी. आपल्या मराठी माणसाला हे समजायला अजिबात अवघड नाही, आपण लिहितो २५, दोन आधी पाच नंतर, आणि तोंडाने म्हणतो पंचवीस, पाच आधी वीस नंतर. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने उलट वाचलं की पंचवीसचे बावन्न. आकडा जसाच्या तसा मेमरीतून फाइलीत ओतणारा प्रोग्रॅम इंटेलवर दहा वर्षं सुखाने चालतो आणि ती फाइल मेनफ्रेमवर आणली की पहिल्या दिवशी कचरा वाचतो. तसंच सी भाषेत अक्षर ठेवायचा कॅर हा प्रकार इंटेलवर ऋण आकडे धरतो, इथे धरत नाही, त्यामुळे एक-एक अक्षर वाचून उणे एकची, म्हणजे फाइल संपल्याच्या खुणेची, वाट बघणारं लूप इथे संपतच नाही कारण उणे एक कधी येतच नाही, २५५ येतं. चूक मशीनची नसते, कोडमध्ये आधीपासून असते, इथे फक्त उघडी पडते.

आता कॉलेजांना आणि कंपन्यांना विनंती. हिंजवडी, मगरपट्टा, खराडी, तिकडे मुंबईत सीप्झ, पवई, इथे मेनफ्रेमची कामं करणारी हजारो मराठी माणसं रोज लॉगिन करतात आणि त्यांच्याच गावातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात ह्या विषयाचा एक तासही होत नाही. सर म्हणतात आमच्याकडे मेनफ्रेम कुठून आणायचा. आणायची गरजच नाहीये हो. हर्क्युलिस नावाचा, मेनफ्रेमची नक्कल करणारा फुकटचा एम्युलेटर १९९९ पासून आहे, साध्या लॅपटॉपवर चालतो, त्यात ३३९० च्या डिस्क बनवता येतात, सिलिंडर मोजता येतात, जुन्या आवृत्तीचं लिनक्स टाकून आयपीएल, म्हणजे बूट, करता येतं. नव्या आवृत्तीचं हवं तर क्यूईएमयू ह्या दुसऱ्या एम्युलेटरवर डेबियनची मेनफ्रेमची आवृत्ती चढते, सावकाश चालते पण चालते. आयबीएमचा झेड एक्सप्लोर म्हणून फुकटचा अभ्यासक्रम आहे ज्यात खऱ्या मेनफ्रेमवर हात चालवायला मिळतो. एकही रुपया लागत नाही. लागतं ते एवढंच की ऑपरेटिंग सिस्टिमच्या विषयात आठ-दहा प्रॅक्टिकल होतात त्यातली दोन ह्याला द्यावीत. आणि प्रॅक्टिकल चांगल्या चाललेल्या मशीनवर घेऊ नका. सरांनी मुद्दाम झिपल न चालवता ठेवावं, मुद्दाम डिस्क दुर्लक्षाच्या यादीत घालावी, नेटवर्कच्या तीन पत्त्यांतला एक चुकवावा, आणि पोरांना म्हणावं, उठवा आता. वर्गात अडकलेलं पोर रात्री अडीच वाजता अडकत नाही.

कंपन्यांनाही सांगायचंय, नाव कुणाचंच घेत नाही कारण सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच आहे. नवीन मुलाला लिनक्स येतं म्हणून सरळ रात्रपाळीला बसवू नका. आधी तीन दिवस एखाद्या जुन्या माणसाच्या शेजारी बसवा. एक दिवस कन्सोल, एक दिवस डिस्क आणि बूट, एक दिवस मेमरी आणि परफॉर्मन्स. सर्व्हर अडकला तर मारून परत चालू करण्याआधी डम्प, म्हणजे मेमरीची आहे तशी नक्कल, घ्यायचा असतो आणि तो कसा घ्यायचा हेही दाखवा, नाहीतर चालू तर होतं पण का पडला ते कधीच कळत नाही आणि पुढच्या महिन्यात तीच रात्र परत येते. आणि ह्या गोष्टी लिहून ठेवा, इंग्रजीत जाड मॅन्युअल आहेत ती चांगलीच आहेत, आयबीएमची रेडबुक नावाची पुस्तकं फुकट मिळतात, पण रात्री घाबरलेल्या माणसाला दोन पानी मराठी कागद जास्त कामाला येतो.

त्या सांगलीच्या मुलाने आणि मी मिळून असा कागद केलाय. स्क्रीनच्या कोपऱ्यात येणारे शब्द आणि प्रत्येकावर काय करायचं ते, लॉगऑफ आणि डिस्कनेक्टमधला फरक लाल अक्षरात, डिस्क वाढवल्यावर करायच्या गोष्टी, आणि टोपीचं चिन्ह घालून कंट्रोल सी कसं द्यायचं ते. आता रात्रपाळीच्या टेबलावर तो काचेखाली ठेवलाय, आणि तो मुलगा आता स्वतःच नव्यांना शेजारी बसवून शिकवतो.

पुण्यातल्या किंवा पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजला हे दोन प्रॅक्टिकल बसवायचे असतील तर मी शनिवारी यायला तयार आहे, मानधन नको, येण्याजाण्याचा खर्चही नको. लॅबमध्ये चार बरे लॅपटॉप आणि एक प्रोजेक्टर असला की झालं, हर्क्युलिसच्या फाइली आणि तो कागद मी सोबत घेऊन येईन. कुणा कॉलेजचं पत्र तुमच्याकडे आलं तर कृपया ते माझ्यापर्यंत पोचवा.

कळावे,
आपली नेहमीची वाचक,
कोथरूड, पुणे